लाहीचा ठावठिकाणा

बालाघाट
१८ जानेवारी १९५७

चि. सौ. अंजना,

तिळगूळ घे. पाकिटात घालून पाठवला तर नागपूरपर्यंत त्याचा भुगा व्हायचा, म्हणून नुसत्या शब्दानं देते.

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर बरंच सुधारलं आहे. माझ्या दुपारच्या बायकांच्या वर्गात स्वतःचं नाव लिहायला तू तीन आठवडे घेतले होतेस, आणि आता दोन पानं लिहितेस. ‘ळ’ तेवढा अजून उताणा पडतो, त्याला उभा कर.

पत्राच्या सुरुवातीला तू लाहीचं विचारलंस आणि शेवटी पुन्हा विचारलंस. मधलं सगळं, म्हणजे ती एकच खोली, नळावरची भांडणं, दुलीचंदरावांचं नवं ऑफिस, हे तू घाईघाईनं उरकलंस ते माझ्या लक्षात आलं. बाई गं, मी तुझ्या जुन्या क्वार्टरवर जाऊन आले. तिथं आता जबलपूरकडचे कोणी बाबू राहतात. त्यांची बायको म्हणाली, “यहाँ कोई कुत्ती नहीं आई.” स्टेशनामागे विचारलं, धानाच्या गिरणीवर विचारलं. पांढरी, एक कान तांबूस, गळ्यात तुटका दोर. कुणी पाहिली नाही.

तू माहेरी गेलीस त्या दोन दिवसांतच तिचा दोर तुटावा, हे नशीबच म्हणायचं. परत आलीस तेव्हा माझ्या ओसरीवर बसून तू किती रडलीस ते मी विसरले नाही. दुलीचंदरावांना दोष देऊ नकोस. नवं राज्य झालं, बदली झाली, सामान बांधायचं होतं, एकटा माणूस कुठं कुठं बघणार?

मी बरी आहे. हल्ली संध्याकाळी नदीकडे फिरायला जाते. पूर्वी जात नसे. पत्र लिहीत जा.

तुझी
मैनाबाई


बालाघाट
६ ऑगस्ट १९५७

चि. सौ. अंजना,

कार्डावर थोडंच मावतं. लाहीची खबर नाही. तू लिहिलंस की रस्त्यात पांढरं कुत्रं दिसलं की तू नाव घेऊन हाक मारतेस आणि लोक हसतात. मारू नकोस हाक. नागपूर कुठं, बालाघाट कुठं! कुत्री काय दोन गाड्या बदलून येणार आहे? दुसरं एखादं पिल्लू पाळ, असं मी मागे सुचवलं होतं, त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. यंदा धानाची रोवणी उशिरा झाली. वैनगंगा दुथडी भरली आहे.

मैनाबाई


बालाघाट
२ मार्च १९५८

चि. सौ. अंजना,

उत्तराला उशीर झाला. मला ताप होता. शाळेत चार दिवस गेले नाही, पण कुणी चौकशीला आलं नाही. येणार तरी कोण? आमच्या मराठीच्या वर्गात यंदा अकरा पोरी उरल्या आहेत. बाकीच्यांच्या आईबापांनी हिंदीत घातल्या. म्हणतात, आता राज्य हिंदीचं, मराठी शिकून पोरगी काय करणार? नवे हेडमास्तर मला ‘बहनजी’ म्हणतात. चांगले आहेत, पण त्यांच्यापुढे माझ्या तोंडून वाक्य पुरं होत नाही.

तापात अगदीच एकटी होते असं मात्र नाही. पायाशी ऊब होती. म्हणजे गोधडी होती.

तू विचारलंस की नदीकाठच्या कोळ्यांना विचारलं का. विचारलं. नाही म्हणाले.

अंजना, एक सांगू? तुझं पत्र आलं की मी ते लगेच फोडत नाही. आधी स्वयंपाक करते, जेवते, भांडी घासते आणि मग फोडते. एवढ्यासाठी सांगते की तू लिहीत राहा. दुसरं काही सुचलं नाही तर लाहीचंच लिही.

तुझी
मैनाबाई


बालाघाट
२२ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. अंजना,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि या वेळी मी ते उभ्यानंच फोडलं. तू लिहितेस, “बाई, आता मी लाहीचं विचारणार नाही. मेली असंच धरते. तुम्हाला दोन वर्षं उगाच त्रास दिला. माफ करा.”

मेली नाही. लाही माझ्या घरी आहे. आत्ता चुलीपाशी झोपली आहे. तू बालाघाट सोडलंस त्याच्या पाच दिवस आधीपासून ती इथं आहे.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. आता राहिलेलं सांगते, पुरं वाच.

तू खैरलांजीकडे माहेरी गेली होतीस. दुलीचंदराव दिवेलागणीला माझ्याकडे आले. लाहीला दोरानं आणली होती. ओसरीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

“बाई, नागपूरले एकच खोली भेटली. घरवाला कुत्रं ठेवू देत नाही. मी लय इनवण्या केल्या त्याच्या.”

मी म्हटलं, “मग अंजनाला सांगा तसं.”

“तिले सांगतलं तं ती येतच नाही म्हनंल. तुमाले मालूम आहे तिचं. लग्नात बापानं ओटीत टाकली तवापासून तिचा जीव त्या कुत्रीत. माह्याशी दोन शब्द बोलत नाही, तिच्याशी दिवसभर बोलते. तुमी ठेवा हिले. पण तिले कळू देऊ नका.”

“तिला काय सांगाल?”

“दोर तुटला म्हनतो.”

तेव्हाच मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. मी काय विचारलं माहीत आहे? विचारलं, “पुढं कधी परत मागाल का?”

“नाही मागत. तुमची झाली.”

“शब्द?”

“शब्द. आन तुमचा?”

“माझाही,” मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. साक्षीला कोणी नव्हतं, कागद नव्हता. लाही दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले, तेव्हापासून या घरात माझ्या पावलांशिवाय दुसरी पावलं वाजली नाहीत. त्या संध्याकाळी फरशीवर तिची नखं वाजली. मी ऐकत बसले.

तीन दिवसांनी तू आलीस. गावभर हाका मारून तुझा घसा बसला होता. तुला वाटलं, आपण ओसरीवर बसलो ते वाऱ्यासाठी. मी तुला आत येऊ दिलं नाही, कारण लाही आत होती. तू कोपऱ्यावर हाक मारलीस ती मला ऐकू आली आणि मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिचं तोंड बांधलं होतं. तू रडत होतीस तेव्हा ती आतून दाराला नखं मारत होती. तू विचारलंस, “बाई, आत काय आहे?” मी म्हटलं, “घूस आहे. फार माजल्या आहेत घुशी.” मग तुला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तू गेल्यावर मी तिचं तोंड सोडलं. ती माझ्यावर भुंकली नाही. भुंकली असती तर बरं झालं असतं.

तुझ्या जुन्या क्वार्टरवर मी गेले होते ते खरं. लाही कुठं आहे ते कुणाला कळलं तर नाही ना, हे बघायला गेले होते.

सांगून टाकलं. माझा जीव हलका झाला, असं लिहिणार होते. झालेला नाही.

मैनाबाई


बालाघाट
११ डिसेंबर १९५८

सौ. अंजना दुलीचंद हिस,

तुझे भाऊ तेजराम यांची नोटीस मिळाली. मजकूर वकिलाकडून लिहवून घेतलेला दिसतो. ‘सदर कुत्री पंधरा दिवसांत बिनतक्रार परत न केल्यास’ वगैरे. तू स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्यास तर चाललं असतं. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

परवा दुलीचंदराव येऊन गेले. तू माझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलंस, तीन दिवस चूल पेटवली नाहीस आणि चौथ्या दिवशी ट्रंक घेऊन माहेरी निघून आलीस, हे मला त्यांच्याकडून कळलं. ओसरीवर उभे राहून मोठ्यानं बोलत होते, शेजारच्या विमलाबाई भिंतीवरून बघत होत्या.

“बाई, आपलं बोलनं काय झालतं? तुमी मले शब्द देला होता!”

मी म्हटलं, “दिला होता.”

“मंग काहून सांगतलं? माहा संसार मोडला तुमी. कुत्री घेतली, वरून बायकोबी घालवली माही.”

“कुत्री मी मागायला आले नव्हते,” मी म्हटलं.

मग ते खाली बसले. पहिल्यांदाच बसले. डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, “मले वाटलं, चार दिवस रडंल, मंग माह्याकडे पाहील. दोन वर्सं झाली, नाही पाह्यलं.” लाही त्यांच्याजवळ गेली, त्यांचे जोडे हुंगले आणि परत आली. ते पाणी न पिता गेले.

आता नोटिशीचं. मी देणार नाही. दुलीचंदरावांनी ती मला दिली. घरच्या कर्त्या माणसानं दिली आणि परत मागणार नाही असं सांगून दिली. दोन वर्षं तिला मी खाऊ घातलं, खरूज झाली तेव्हा मी करंजाचं तेल चोळलं, नगरपालिकेचा बिल्ला माझ्या नावाचा तिच्या गळ्यात आहे. तू सांगशील की माझ्या बापानं दिली. तुझ्या बापानं दिली तशीच तुझ्या नवऱ्यानं दिली. त्याचाही कागद नाही, ह्याचाही नाही.

तेजरामना सांग, कोर्टात जायचं तर जा. मला बोलता येतं.

मैनाबाई
शिक्षिका


बालाघाट
४ जानेवारी १९५९

चि. अंजना,

मागचं पत्र फाडून टाक. नाही फाडलंस तरी चालेल, तुझ्या वकिलाला उपयोगी पडेल.

मी शालिकराम वकिलांकडे गेले होते. तू त्यांना पाहिलं असशील, कचेरीसमोर बसतात, काळा कोट उन्हाळ्यातही काढत नाहीत. मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईचं प्रकरण आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बोला, त्या बाईचं काय म्हणणं आहे?”

मी सगळं सांगितलं. ते मध्येच थांबवून विचारत गेले.

“ये बताइए, कुत्री मुळात कोणाची?”

“बायकोची. लग्नात बापानं तिच्या ओटीत घातली.”

“पाहणारे?”

“सगळं वऱ्हाड.”

“मग नवऱ्यानं देऊन टाकली, तेव्हा बायकोला विचारलं?”

“नाही.”

“तर मग बाई, तोंडी करार हाही करारच असतो. कागद नाही म्हणून तो खोटा होत नाही. पण जे आपलं नाही ते माणूस दुसऱ्याला देऊ शकत नाही. तोंडानं दिलं तरी नाही आणि स्टांपावर दिलं तरी नाही. बायकोला बापानं दिलेलं बायकोचं. नवऱ्यानं शेजाऱ्याची गाय मला विकली, तर गाय माझी होते काय?”

“पण दोन वर्षं तिनं सांभाळली. बिल्ला आहे तिच्या नावाचा.”

“बिल्ला म्हणजे कुत्र्याचा कर कोण भरतं त्याची खूण. मालकी नव्हे. आणि माहीत असून लपवली ना? मग सांभाळली कसं म्हणता?”

त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मग आवाज उतरवून म्हणाले, “त्या बाईला एक सांगा. केस ती हरणार. पण हरायला तीन-चार वर्षं लागतील. तारखा पडतात. कुत्री किती वर्षांची आहे?”

“आठ.”

“देख लीजिए फिर,” एवढंच म्हणाले.

अंजना, ते काय म्हणत होते ते माझ्या लक्षात आलं. चार वर्षांनी निकाल लागेल तेव्हा लाही नसेल. मी हरेन आणि तुला काही मिळणार नाही. मी त्यांना तिथल्या तिथं ‘छे’ म्हटलं नाही. ‘विचार करते’ म्हणून घरी आले, आणि तीन दिवस खरंच विचार केला. तो विचार मला आवडत होता, हेही तुला सांगितलं पाहिजे.

चौथ्या दिवशी मी कोर्टात काय बोलायचं ते घोकत होते, पोरींना कविता पाठ करायला लावते तसं. खोलीच्या मधोमध उभी राहून म्हटलं, “लाही माझी आहे.” नाव ऐकल्याबरोबर ती घरामागच्या सांदवाडीतून धावत आली आणि समोर बसली, काय देता म्हणून. तुला कधी सांगितलं नव्हतं, ती आली तेव्हा मी तिचं नाव बदलून पाहिलं होतं. लोकांना कळू नये म्हणून ‘चंपी’ ठेवलं. सहा महिने त्या नावानं बोलावलं. एकदाही उठली नाही. शेवटी दार लावून घेऊन तू ठेवलेल्या नावानंच बोलवायला लागले. तू ठेवलेल्या नावालाच उठणारं कुत्रं माझं आहे, असं न्यायाधीशापुढे मला म्हणता आलं नसतं.

आणि नोव्हेंबरात मी का सांगितलं ते. मला पश्चात्ताप झाला असं तुला वाटलं असेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. खरं असं की तू लिहिलंस, आता विचारणार नाही. मग तू पत्र कशासाठी लिहिली असतीस? माझ्याकडे येणारं दुसरं पत्र नाही गं. पोस्टमन पुनाराम माझ्या दारी थांबतो तो तुझ्याच पत्रानं. लाही लपवली म्हणून तू दोन वर्षं लिहीत राहिलीस, आणि तू लिहीत राहावीस म्हणून मी लाही लपवत राहिले. आधी कोणतं आणि मग कोणतं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

ये आणि तिला घेऊन जा. रविवारी ये, मी घरी असेन. नोटीस नको.

मैनाबाई


बालाघाट
१ फेब्रुवारी १९५९

चि. अंजना,

तू नीट पोचलीस का ते कळव, असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी लिहिते.

तू आत आली नाहीस ते बरोबरच केलंस. पाणी घेतलं नाहीस. तेजरामांनी कागद पुढे केला, मी सही केली: ‘माझा या कुत्रीवर काहीएक हक्क नाही व नव्हता.’ ‘व नव्हता’ हे तू त्यांना घालायला लावलंस ना? मी वाचताना तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. दोन वर्षांनी तुला पाहिलं. तू वाळलीस फार.

बिल्ल्याचा पट्टा मी काढला आणि तू तुझा दोर बांधलास. तोवर ती काय करत होती ते तू पाहिलंस. तुझ्या अंगावर उडी, मग माझ्याकडे धाव, मग पुन्हा तुझ्याकडे, ओसरी खालीवर केली तिनं. तेजराम हसले. तू हसली नाहीस आणि मीही नाही. तिला वाटत होतं, आता आपण तिघी एका घरात राहणार. दुसरं काही तिच्या डोक्यात आलंच नाही. तू दोर ओढलास तेव्हा ती माझीही वाट बघत थांबली, मी चपला घालते की काय म्हणून.

मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मी मागून आले होते. तुला दिसू नये अशी चालत होते. कंडक्टर कुत्री घेत नव्हता, तेजराम त्याच्याशी हुज्जत घालत होते, आणि मी देवाची प्रार्थना करत होते की त्यानं घेऊ नये. त्यानं घेतली.

काल शाळेतून आल्यावर सवयीनं कणीचा भात जास्त रांधला. विमलाबाईंच्या म्हशीला दिला. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी बी घ्या ना एखादं पिल्लू, गावात काय कमी हायेत!” मी हौ म्हटलं. घेणार नाही.

दुलीचंदरावांचं पत्र आलं होतं. शिव्या नाहीत. तू कशी आहेस एवढंच विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही. तुझ्याबद्दल कुणाला काय सांगायचं ते तू ठरव.

मैनाबाई


बालाघाट
९ जुलै १९५९

चि. अंजना,

पाच महिन्यांनी पुनारामनं पाकीट दिलं. वरचं अक्षर बघून ते त्याच्यासमोरच फोडलं.

बाहेरून दिलेल्या सातवीवर मास्तरकीच्या ट्रेनिंगला तुझा नंबर लागला हे वाचून फार आनंद झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, माझ्या आनंदाचं तुला ओझं नको. वर्षभर जबलपूरला राहायचं, होस्टेलात कुत्री चालत नाही, आणि तुझी भावजय म्हणते की तू गेलीस की हिला मलाजखंडाच्या जंगलात सोडून देऊ, हे सगळं कळलं. पुढं तू लिहितेस, “तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नाही, दुसरं कुणी नाही म्हणून विचारते.” ठीक आहे. विश्वास नको ठेवूस.

तू पाठवलेला कागद मी तीनदा वाचला. लाही अंजनाची आहे. एक वर्ष मैनाबाईंकडे ठेवायला दिली आहे, देऊन टाकलेली नाही. अंजना मागेल त्या दिवशी, कारण न विचारता, परत करायची. नाव बदलायचं नाही. बिल्ला अंजनाच्या नावाचा. दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचं, त्यात लाहीबद्दल खरं असेल ते लिहायचं, चांगलं असो की वाईट. साक्षीदार म्हणून तेजराम आणि महागूबुवा, म्हणजे तुझे वडील. त्यांनी अंगठा उठवला आहे.

मी सही केली. शालिकराम वकिलांना दाखवला. वाचून म्हणाले, “किसने लिखा? मजमून पक्का है.” मी म्हटलं, माझ्या एका विद्यार्थिनीनं. तुला विचारल्याशिवाय सांगितलं, क्षमा कर.

तेजरामांनी रविवारी तिला आणून सोडावं. मी घरीच असते.

मैनाबाई


बालाघाट
२६ जुलै १९५९

चि. अंजना,

हे करारातलं पहिलं पत्र.

लाही पोचली. खाणं नीट आहे. डाव्या मागच्या पायानं थोडी लंगडते, ढोरांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले वय झालं, सांध्यात वारा धरला, थंडीत जास्त होईल. बिल्ला तुझ्या नावाचा करून घेतला. तिथला बाबू म्हणाला, मालकीण कुठं आहे? म्हटलं, जबलपूरला, मास्तरीण व्हायला गेली आहे.

आता खरं लिहायचं ठरलं आहे, तर हेही लिहिते. ती माझ्याजवळ बसत नाही. मला ओळखते, हात चाटते, रात्री माझ्या पायाशी झोपते. पण दिवसभर उंबऱ्यात बसते, रस्त्याकडे तोंड करून. कोपऱ्यावरून कुणी बाई वळली की उठते, बाई जवळ आली की पुन्हा बसते. संध्याकाळी मोटार आली की कान ताठ करते. तुला वाईट वाटेल म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

पहिल्या वेळीही ती अशीच बसत होती. तेव्हा तू पत्रातून विचारायचीस आणि मी लिहायची, खबर नाही. खबर ही होती. दोन वर्षं ती रोज तुझी वाट बघत होती, आणि मला ते बघवत नसे, म्हणून मी दुपारीसुद्धा दार लावून घेत होते. मग ती दाराशी बसायची, फटीला नाक लावून. सगळ्यात मोठं मी हेच लपवलं होतं. कुत्री कुठं आहे ते मी नोव्हेंबरात सांगितलं, पण ती काय करत होती ते आजवर नाही सांगितलं.

आता दार उघडं ठेवते. दोर बांधलेला नाही. ती रस्त्यावर उतरेल, कुठं जाईल, याची मला भीती वाटते, आणि तिला हाक मारून आत घ्यायचंही मनात येत नाही. म्हणून शाळेतून आल्यावर मीही तिच्या शेजारी उंबऱ्यातच बसते. वह्या तिथंच तपासते. हे पत्रही तिथंच बसून लिहिते आहे. आत्ता पाचची मोटार आली, चार-पाच माणसं उतरून इकडे आली, तुझ्यासारखं त्यात कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी पाहून घेतलं.

मैनाबाई